हेराल्डचं बॉनेट आणि हिर्डोशीचा रस्ता

स्टँडर्ड हेराल्डचं बॉनेट म्हणजे जवळजवळ अर्धी गाडी. दोन्ही मडगार्ड, दोन्ही हेडलाइट आणि पुढचं नाक, सगळं एका तुकड्यात येतं. दरवाजांच्या पुढे दोन बाजूंना खटके असतात. ते सोडायचे, मागची कड धरून उचलायची आणि अख्खा पुढचा भाग नाकावर उभा करायचा. मग इंजिन, रेडिएटर, स्टिअरिंग, पुढचं सस्पेन्शन असं सगळं एकदम समोर येतं. मिस्त्री पुढच्या टायरवर बसून कार्ब्युरेटर उघडू शकतो. माझ्या पाहण्यातल्या दुसऱ्या कुठल्याच जुन्या गाडीत ही सोय इतकी मोकळी नाही.

त्यामुळे या गाडीसाठी नवं बॉनेट निवडायची वेळ येते तेव्हा प्रश्न एका झाकणाचा राहत नाही. दिवे कुठे पडणार, चिखल कुठे उडणार, वळणावर गाडी कशी वागणार, पाऊस कुठे जाणार, हे सगळं त्या एका तुकड्यावर ठरतं. मी हा निर्णय घेतला त्याला आता काही वर्षं झाली. त्यातून जे समजलं ते जुन्या गाड्यांवर जीव लावणाऱ्या इतरांच्या उपयोगी पडेल असं मला मनापासून वाटतं.

आधी या रचनेबद्दल थोडं. इंग्लंडच्या स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनीला बॉडी बनवून देणारा फिशर अँड लुडलो हा कारखाना 1953 मध्ये प्रतिस्पर्धी ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने विकत घेतला. सलग बॉडी करून देणारं कुणी हाताशी उरलं नाही, तेव्हा कंपनीने स्वतंत्र चेसिसवर बोल्टांनी जोडायचे सुटे भाग असा जुना मार्ग पुन्हा धरला. तूरीनच्या जोव्हान्नी मिकेलॉट्टींनी त्यावर रूप चढवलं आणि एप्रिल 1959 मध्ये ट्रायम्फ हेराल्ड बाजारात आली. सुट्या भागांची गाडी दूरदेशी जुळवायलाही सोपी. 1961 पासून मद्रासजवळच्या वंडलूरच्या कारखान्यात ती स्टँडर्ड हेराल्ड म्हणून तयार होऊ लागली. याच चेसिसला आखूड करून इंग्लंडमध्ये 1962 साली स्पिटफायर ही खरीखुरी स्पोर्ट्स कार झाली आणि 1966 मध्ये सहा सिलिंडरची जीटी6. आपल्याकडच्या हौशी लोकांना स्पिटफायर मिळणं दुरापास्त होतं. मग त्यांनी दोन दारांच्या हेराल्डलाच स्पोर्ट्स कार केलं. शोलावरमच्या धावपट्टीवरच्या शर्यतींत अशा हेराल्ड धावायच्या. माझी गाडी त्याच कुळातली आहे. 948 सीसीचं मूळ इंजिन, त्यावर दोन एसयू कार्ब्युरेटर, मोकळा एक्झॉस्ट, विजेचा पंखा आणि पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक.

इंजिन मी बदललं नाही, आणि ते मुद्दाम. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणी पुस्तकातल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. शिवाय 2021 च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी हवी असेल तर चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. ती नोंदणी घेतली तर गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांपुरतीच बाहेर काढता येते. मला गाडी चालवायची आहे. पण माझ्यानंतर कुणाला तिला मूळ रूपात परत न्यावंसं वाटलं तर तो रस्ता बंद झालेला नसावा, एवढी मर्यादा मी स्वतःला घालून घेतली आहे. पुढचे सगळे निर्णय या मर्यादेच्या आतले.

गाडी चालवायची म्हणजे मुख्यतः हिर्डोशीला जायचं. ते माझं आजोळ. पुण्याहून कापूरहोळ, तिथून भोर, मग नीरा देवघर धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने हिरडस मावळात शिरणारा रस्ता. हिर्डोशीच्या पुढे चढ सुरू होतो, वाघजाईच्या देवळापाशी भज्यांच्या टपऱ्या लागतात आणि तिथून वरंधा घाट महाडकडे उतरतो. भोर तालुक्याच्या पूर्वेला कोरडवाहू जमीन आहे. इकडे पश्चिमेला पावसाळ्यात समोरचा माणूस दिसणार नाही असा पाऊस आणि धुकं. एकाच प्रवासात दोन हवामानं भेटतात. मे महिन्यात तोच चढ इंजिनाला भाजून काढतो.

हेराल्ड या रस्त्याला शोभते, कारण तिचा वळायचा घेर जेमतेम 25 फूट आहे. ज्या वळणावर मोठी गाडी मागे-पुढे करते तिथे ही एका दमात फिरते. तिची अडचण वेगळी आहे. या इंजिनात कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला येतात. दोन कार्ब्युरेटर बसवले, एक्झॉस्ट मोकळा केला, की पेट्रोल आणि विस्तव शेजारी येऊन बसतात. चढ चालू असतो तोवर निभावतं. वाघजाईला थांबून गाडी बंद केली की पाणी फिरायचं थांबतं, पंख्याचा वारा थांबतो आणि इंजिनाची सगळी धग वर येऊन बॉनेटखाली साठते. कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उकळू लागतं. मग कितीही स्टार्टर मारा, गाडी उठत नाही. हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची वाफ आणखी लवकर होते, त्यामुळे हा त्रास जुन्या काळापेक्षा वाढलेला आहे.

त्यात मूळ बॉनेटच्या पत्र्याला चाकांवरच्या कडांना आणि जोडांच्या आत गंज लागला होता. आधीच्या कुणी मालकाने वरून लांबी भरून रंग दिला होता. लांबी खरवडली तेव्हा खाली पत्र्याची चाळण निघाली. म्हणजे गंज आणि उष्णता अशी दोन कारणं जुळून आली आणि बॉनेटचा विषय टाळता येईना.

समोर पर्याय बरेच होते. इंग्लंडमध्ये या कुळातल्या गाड्यांची फायबरची बॉनेटं आजही नवीन करून मिळतात. पण एवढा मोठा, नाजूक तुकडा मागवायचा म्हणजे पेटी, भाडं आणि जकात मिळून किंमत आवाक्याबाहेर जाते. शिवाय नाक आणि जाळी आपल्या गाडीशी तंतोतंत जुळेल याची खात्री नाही. कार्बन फायबर दिसतं देखणं, पण वरचा थर उन्हात पिवळा पडतो, आणि चार महिने पावसात व आठ महिने उन्हात राहणाऱ्या गाडीला ती चैन कशासाठी? ॲल्युमिनियमचं हाताने घडवलेलं बॉनेट हे माझ्या मते सगळ्यांत सुंदर काम आहे. तसा हात असलेले कारागीर आता फार थोडे उरले आहेत आणि त्यांचा वेळ महाग आहे, तो असायलाही हवा.

राहिले तीन मार्ग. मूळ पत्रा कापून नवा जोडायचा. मूळ पत्र्यातच हवेसाठी लूव्हर, म्हणजे तिरक्या झडपांच्या चिरा, पाडायच्या. किंवा मूळ बॉनेटवरून साचा काढून इथेच फायबरचं नवं करायचं.

पहिल्याने गंज गेला असता, पण धग तशीच राहिली असती. दुसऱ्या मार्गाचा सल्ला पुष्कळांनी दिला. कमी खर्चाचा आणि एका दिवसात होणारा. मला तो मान्य नव्हता आणि आजही नाही. वंडलूरचा कारखाना कधीच बंद झाला. हेराल्डचं बॉनेट आता कुठेही पत्र्यात छापलं जात नाही. जो तुकडा कापला तो जगातून एकाने कमी झाला. स्वतःच्या हौसेसाठी गाडीत बदल करण्याचा हक्क मालकाला आहे असं मी मानतो, पण जे पुन्हा बनणार नाही त्याला करवत लावण्याचा हक्क नाही असंही मानतो. या दोन गोष्टी एकत्र पाळायच्या तर बदल नव्या तुकड्यावर करायचा आणि जुना जपून ठेवायचा, एवढाच उपाय उरतो.

म्हणून साचा. आमचे मिस्त्री पत्राकामातले, फायबरशी त्यांचं फारसं पटत नाही. त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं, “साहेब, पत्रा वाकला तर भोरमध्ये कुणीही ठोकून देईल. फायबर तडकलं तर काय करणार?” प्रश्न खरा होता. उत्तर घाटाच्या खाली आहे. कोकण किनाऱ्यावर लाकडी होड्यांच्या जागी फायबरच्या होड्या आल्या त्याला बराच काळ झाला, आणि त्या तडकतात तेव्हा तिथले कारागीर काचेची चटई आणि रेझिन घेऊन दिवसभरात सांधून देतात. पुण्याभोवतीच्या औद्योगिक पट्ट्यातही टाक्या आणि बसचे भाग बनवणारे लोक आहेतच. अशाच एका टाक्या करणाऱ्याने काम घ्यायची तयारी दाखवली. मिस्त्री सोबत बसणार या अटीवर मी होकार दिला.

फायबरबद्दल लोक सगळ्यांत आधी विचारतात ते वजन. वजन कमी होतं हे खरं. पण फायबर पत्र्यापेक्षा कितीतरी लवचीक असतं. एक मिलिमीटरच्या आतबाहेर असलेल्या पोलादी पत्र्याचं काम करायला फायबरचा तीन मिलिमीटरचा थरही आधाराशिवाय पुरत नाही. नुसत्या पातळ कवचाचं बॉनेट शर्यतीच्या गुळगुळीत धावपट्टीवर ठीक. आमच्या रस्त्यावर ते थरथरतं. आणि हेराल्डमध्ये हेडलाइट बॉनेटवरच बसवलेले आहेत, हे पुन्हा आठवावं. बॉनेट थरथरलं की उजेड थरथरतो. जुलैच्या संध्याकाळी हिर्डोशीच्या पुढे धुक्यात, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी असताना, रस्त्याची कड दाखवणारा उजेड स्थिर असणं ही जिवाची गोष्ट आहे. मला या सगळ्या कामात याहून महत्त्वाचा मुद्दा दुसरा कुठला वाटला नाही. गाडीचे फोटो पाहून बॉनेट निवडणाऱ्याला तो सुचणार नाही, कारण फोटो दिवसा काढतात.

म्हणून दिव्यांच्या गाळ्यांमागे आणि चाकांच्या कमानींच्या आतून पातळ पोलादी नळीचा सांगाडा फायबरमध्ये गुंफून घेतला. बिजागऱ्या त्या सांगाड्यालाच जोडल्या, नुसत्या फायबरला बोल्ट मारला नाही. यात वाचलेल्या वजनाचा बराच भाग परत गेला, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. हेराल्डच्या मागच्या चाकांची रचना अशी आहे की वळणावर भर वेगात ॲक्सिलरेटर सोडला तर मागचं चाक आत दुमडू पाहतं. नाक फार हलकं केलं तर ओल्या वळणावर मागची बाजू जास्तच उतावीळ होते. थोडं हलकं झालेलं नाकसुद्धा स्प्रिंगवर वर उचललं गेलं आणि दिव्यांचा झोत झाडांच्या शेंड्यांवर पडू लागला. तो पुन्हा खाली बसवावा लागला. पत्र्याच्या बॉनेटमध्ये दिव्याला अर्थिंग आपोआप मिळून जातं, फायबरमध्ये त्याची वायर वेगळी ओढावी लागते. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या दोन गोष्टी राहिल्या तर रात्री रस्त्यावर कळतात.

रेझिनमध्ये ऑर्थो नावाचं साधं रेझिन स्वस्त पडतं, पण धगीला ते लवकर मऊ पडतं. आयसो नावाचं दुसरं रेझिन त्यापेक्षा उष्णता आणि पाणी दोन्ही चांगलं सोसतं, म्हणून ते घेतलं. एक्झॉस्टच्या बाजूला आतून उष्णता परतवणारा चमकता थर लावला. कापलेल्या सगळ्या कडा रेझिनने बंद करून घेतल्या, नाहीतर पाणी थरांमध्ये शिरून पुढे फोड येतात.

आता हवेची वाट. इथे मला सगळ्यांत जास्त विचार करावा लागला, आणि विचाराला दिशा मामाकडून मिळाली. मामा भातशेती करणारा. गाडीतलं त्याला काही कळत नाही असं तो म्हणतो. पडवीत बसून मी कागदावर रेघोट्या मारत होतो तेव्हा त्याने विचारलं, “पावसात येणारेस का उन्हाळ्यात?” दोन्ही, मी म्हणालो. त्यावर तो त्याच्या वडिलांच्या इरल्याबद्दल बोलू लागला. लावणीला वाकलेल्या माणसाच्या पाठीवरून पाणी मागे निथळावं आणि पुढून वारा खेळावा असा त्या इरल्याचा आकार असतो. उभं राहून डोक्यावर धरायला ते निरुपयोगी. “काम कसं करायचंय ते बघून आडोसा करत्यात,” तो म्हणाला. नव्या बॉनेटचा सगळा आराखडा मी त्यानंतर बदलला.

लोकांना आवडतो तो वर उठलेला, पुढे तोंड असलेला स्कूप. घाटातल्या पावसात तो सरळ पाणी पितो. दुसरी पद्धत बॉनेटची मागची कड वॉशर घालून उचलायची, म्हणजे काचेपाशी फट राहते आणि गरम हवा निघून जाते अशी समजूत. गाडी उभी असताना ती काही प्रमाणात निघते. गाडी वेगात असली की काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब जास्त असतो आणि हवा त्या फटीतून उलट आत शिरते. जीटी6 सारखा फुगवटाही पुष्कळांना हवा असतो. जीटी6 ला तो लागतो, कारण आत सहा सिलिंडरचं लांब इंजिन आहे. आमच्या चार सिलिंडरच्या इंजिनाला त्याची गरज नाही, आणि चढाच्या वळणावर आधीच समोर बॉनेट दिसतं, रस्ता दिसत नाही. तिथे आणखी उंचवटा आणून नजर अडवायची हे मला पटलं नाही.

हवेचा दाब कमी असतो तो बॉनेटच्या पुढच्या तिसऱ्या हिश्शात, नाकाच्या वळणाच्या लगेच मागे. नेमकी तीच जागा रेडिएटरच्या पाठीमागे येते आणि डिस्ट्रिब्यूटरपासून दूर पडते. तिथे मागे तोंड असलेले लूव्हर घेतले, म्हणजे गाडी पळताना रेडिएटरची गरम हवा खेचली जाते आणि उभी असताना धग वर निघून जाते. त्यांच्याखाली ॲल्युमिनियमची पसरट पन्हळ बोल्टांवर बसवली. तिच्यातलं पाणी दोन्ही बाजूंना रबरी नळीने चाकांच्या पुढे खाली सोडलं. जूनच्या सुरुवातीला पन्हळ बसते, दिवाळीनंतर निघते. पावसात हवाच गार असल्याने वाट थोडी अडली तरी बिघडत नाही. मे महिन्यात पाणी नसल्याने वाट पूर्ण मोकळी ठेवता येते. हे उत्तर मिळाल्यावर मिस्त्रींचाही फायबरवरचा राग निवळला. पन्हळीचे कोपरे त्यांनी स्वतः वाकवून दिले.

इंजिन आणि चाकांच्या मधले पत्र्याचे पडदे मात्र मी जागेवर ठेवले. गाडी थंड राहावी म्हणून काही जण ते काढून टाकतात. कोरड्या शहरात ते चालत असेल. लावणीच्या दिवसांत रस्त्यावर ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेला चिखल असतो, तो सरळ कार्ब्युरेटरवर जाईल.

एक गोष्ट बॉनेट बसवल्यानंतर लक्षात घ्यावी लागली ती वाऱ्याची. वाघजाईपाशी दरीतून वर येणारा वारा असा असतो की उभं केलेलं हलकं बॉनेट त्याच्या जोराने हेलकावतं आणि सगळा ताण बिजागऱ्यांवर येतो. जुनं पोलादी बॉनेट स्वतःच्या वजनाने थांबून राहायचं. नव्याला दोन्ही बाजूंनी अडकवायच्या आडण्या केल्या. घाटात बॉनेट उघडायचं तर आधी गाडीचं नाक वाऱ्याच्या उलट दिशेला करायचं, हे आता हाताला सवयीचं झालं आहे.

वाघजाईला थांबून चहा-भजी घेऊन पुन्हा चावी फिरवली की गाडी उठते. मे महिन्यातही. पावसात दिव्यांचा झोत रस्त्याच्या कडेवर ठाम राहतो. आवाज पत्र्याच्या वेळेपेक्षा जास्त येतो, हे कबूल करायला हवं. फायबर इंजिनाचा आवाज अडवत नाही, आणि मुसळधार पावसात आत बसून बोलणं कठीण होतं.

जुनं बॉनेट गंज काढून, आतून मेण फवारून, भिंतीला टेकवलेल्या लाकडी घोडीवर उभं आहे. सवड मिळेल तसं मिस्त्री त्याच्या कडांना नवा पत्रा जोडतात. साचा अजून शाबूत आहे, आणि त्यासाठी दोन हेराल्डवाल्यांनी विचारणा केली आहे. एक सोलापूरकडचे. त्यांच्यासाठी लूव्हरची रांग लांब घ्यायची आणि पन्हळ करायचीच नाही असं ठरलं आहे. दुसरे राधानगरीच्या बाजूला राहतात, गाडी वर्षभर ओल्यात असते, आणि इंजिनात त्यांनी काहीच बदल केलेला नाही. त्यांच्या बॉनेटला मी एकही भोक पाडू देणार नाही. पैसे आयसो रेझिनवर आणि दिव्यांमागच्या सांगाड्यावर घाला, असं त्यांना कळवलं आहे.